वाजवू नका, ती यील

आहुप्याच्या कड्यावर, भर धुक्यात, मी शिट्टी वाजवली. एकदा नाही, सहा-सात वेळा, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात. माणूस हरवलं की शिट्टी वाजवायची, एवढंच मला ठाऊक होतं.

चिमाबाई, हे इतकं साधं वाक्य मी तू असताना कधी बोललो नाही. तुझ्या ओसरीवर बसून, पुण्याहून आणलेल्या माणसांपुढं, मी त्या दिवसाची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली. तिच्यात शिट्टी होती, पण शहाण्या माणसानं वाजवलेली. तू आत चुलीपाशी भाकरी थापत ऐकायचीस. गोष्ट रंगात आली की तुझ्या थापण्याचा आवाज जरा मोठा व्हायचा, बस. परवा तुझा दहावा झाला. आता खरी गोष्ट तुलाच सांगतो. तुला ती माझ्याहून नीट ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ती एकदाही ऐकलेली नाहीस.

चूक तशी त्या दिवशी सकाळीच सुरू झाली होती. आठवडाभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळायचे आणि रविवारी मिनीबस भरून माणसं डोंगरात न्यायची, हा माझा तेव्हाचा उद्योग. पुण्याच्या माणसाला नुसता डोंगर दाखवतो म्हटलं तर तो सुट्टीच्या दिवशी गादीवरून उठत नाही. वाटेत देव घातला की घरातली माणसंच त्याला उठवून बसमध्ये बसवतात. म्हणून मी फलकावर लिहिलं, 'सकाळी ओझरचा गणपती, दुपारी आहुप्याचा कडा.' नकाशावर दोन्ही ठिकाणं मला एका बोटाच्या अंतरावर दिसली होती. बोट माझं जाड आहे, हे लक्षात आलं नाही.

आम्ही तुझ्या अंगणात उतरणार होतो, म्हणून तू आधीच निरोप धाडला होतास, की बारा वाजायच्या आत कड्यावरून माघारी फिरायचं, नंतर खालून धुई चढते. तुम्ही धुक्याला धुई म्हणता. मला तो शब्द इतका आवडला की त्याच्या भरात मी बारा वाजायचं विसरलो. ओझरला दर्शनाची रांग, मग नारायणगावात मिसळ, मंचरला चहा, घोडेगावच्या पुढं एका काकांना लागलेली बस. डिंभ्याच्या धरणाचं पाणी बघून सगळ्यांनी कॅमेरे काढले. आहुप्यात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. तू अंगणात उभी होतीस. तू आभाळाकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि म्हणालीस, "आज घरीच जेवा आन् जावा."

मी हसलो. माणसांनी कड्याचे पैसे भरलेत, पिठल्याचे नाही, असं काहीतरी विनोदी बोललो. माणसं हसली. तू हसली नाहीस.

शिट्टीचा नियम माझा होता. ओझरच्या देवळाबाहेर मी सगळ्यांना उभं करून त्याची चक्क तालीम घेतली होती. शिट्टी झाली की हातातलं टाकायचं, इकडंतिकडं बघायचं नाही, आवाजाच्या दिशेनं सरळ यायचं. सरळ. तीन वेळा तालीम झाली आणि तिन्ही वेळा लिमयेबाई पहिल्या आल्या, हातातला प्रसाद सांभाळत. गणिताच्या शिक्षिका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सोबत यजमान, लिमयेकाका, ज्यांचा आवाज मी तोवर ऐकलाही नव्हता. मी बाईंचं सगळ्यांपुढं कौतुक केलं. असा पर्यटक मिळायला नशीब लागतं म्हणालो.

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन होतं. पठारभर सोनकी फुलली होती, पिवळीधमक. माणसं पांगली. मी एका खडकावर बसून दोघातिघांना सह्याद्री कसा तयार झाला ते सांगत होतो, जे मला आजही नीट ठाऊक नाही. बोलता बोलता समोरच्या माणसाची टोपी दिसेनाशी झाली. मग माणूस. पाच मिनिटांत सगळं पठार दुधात बुडाल्यासारखं झालं.

हाका मारून माणसं गोळा केली. मोजली. एक कमी भरलं. लिमयेकाका बायकोची पर्स दोन्ही हातांनी धरून उभे होते. "ती फुलं बघायला तिकडं गेली," ते म्हणाले, आणि तिकडं म्हणजे कुठं हे दाखवायला हात वर केला, तर त्यांचा हातच धुक्यात गेला. "तुम्ही शिट्टी वाजवा," ते म्हणाले. "तिला ऐकू आली की ती येणारच. फार शिस्तीची आहे."

मी वाजवली. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच नाही. मग लांबून, अगदी शाळेतल्या स्वरात, उत्तर आलं. "आले, आले."

मला इतकं हायसं वाटलं की मी छाती भरून पुन्हा वाजवली. आणि पुन्हा. तेवढ्यात कुणीतरी ती माझ्या तोंडातून ओढून काढली. दोरी मानेला करकचली. बघतो तर तू. हाताला पीठ तसंच, कासोटा खोचलेला, धाप लागलेली. चुलीपुढून उठून तू धावत आली होतीस.

"वाजवू नका," तू म्हणालीस. "ती यील."

"अहो चिमाबाई, यावी म्हणूनच तर वाजवतोय."

"कुटनं यील?"

मला प्रश्नच कळला नाही. तू माझं मनगट धरलंस, मला चार पावलं पुढं नेलंस आणि पायानं एक दगड ढकललास. दगड गवतातून सरसर गेला. मी तो कुठंतरी थांबल्याचा आवाज ऐकायला कान लावला. आवाज आलाच नाही.

तिथं कडा सरळ नाही. दोन नाकाडं पुढं आली आहेत आणि त्यांच्या मधे खोल खाच पडली आहे, भाकरीचा घास तोडावा तशी. मी एका नाकाडावर होतो आणि लिमयेबाई दुसऱ्यावर. सरळ रेषेत पन्नास-साठ पावलं असतील. त्या पावलांखाली जमीन नव्हती. खाली थेट कोकण होतं, आणि धुई त्या खाचेत काठोकाठ भरून गवताला टेकली होती. नुसतं बघून कुणालाही वाटलं असतं, पुढं सपाटच आहे. आणि मी एका शिस्तीच्या बाईंना सांगितलं होतं, सरळ या.

धुक्यातून आवाज आला. आता जवळून. "आले हं. शिट्टी का थांबली?"

सकाळी सहापासून बसमधल्या माइकवर अखंड बोलणारा मी, मला एक शब्द सुचेना. तू म्हणालीस, "तुमी बोलिवलं. आता तुमीच बसवा."

"लिमयेबाई," मी ओरडलो, "आहात तिथंच खाली बसा."

उत्तर आलं, "गवत ओलं आहे."

"बसा हो, बाई."

"अहो, साडी खराब होईल. मी येतेच आहे."

आजही झोपेतून दचकून उठतो तेव्हा कानात तेच वाक्य असतं. आपण मरणाच्या दोन पावलांवर आहोत हे ठाऊक नसलेल्या माणसाचं, साडीची काळजी करणारं. त्यांना खरं सांगावं, तर त्या घाबरून कुठल्या बाजूला पाय टाकतील याचा नेम नव्हता. तेव्हा दिवसभरात दोन-चार वाक्यंच बोललेले लिमयेकाका बोलले. बोलले कसले, गरजले. "सुधा, बस खाली."

"बसले," धुक्यातून आवाज आला. दुखावलेला. तीस वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदाच नवरा असा ओरडला होता.

"तिला बोलती ठेवा," तू म्हणालीस. "गप झाली तर मला घावायची न्हाई." आणि तू निघालीस ती उलट्या दिशेनं, कड्याकडं पाठ करून. मी इतका अडाणी की मला वाटलं तू घरी चाललीस. गुरांची वाट खाचेला मोठा वळसा घालून पलीकडं जाते, हे मला कुठं ठाऊक होतं. धुईत ती वाट तू पायांनी चाचपत गेलीस. डोळ्यांचा तिथं काही उपयोग नव्हता.

मी बाईंना म्हटलं, गाणं म्हणा. त्या म्हणाल्या, मला गाता येत नाही. मी म्हटलं, मग एखादी गोष्ट सांगा. त्या म्हणाल्या, कशाबद्दल? लिमयेकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागं सारलं. "सुधा, पाढे म्हण."

"कितीपासून?"

"सतरापासून म्हण."

का म्हणून बाईंनी विचारलं नाही. त्या ओल्या गवतात बसून, त्या पांढऱ्या आंधळेपणात, सतराचा पाढा सुरू झाला. वर्गाला ऐकू जावा तसा, खणखणीत. सतरा झाला. अठरा झाला. आमच्यापैकी कुणी खोकलं तरी बाकीचे त्याच्याकडं रागानं बघत होते. तुझी काहीच चाहूल नव्हती. एकोणीस सुरू झाला. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर. एकोणीस पाचे पंच्याण्णव.

आणि आवाज थांबला.

लिमयेकाकांनी हातातली पर्स हळूच खाली ठेवली. फार जपून, जणू ती आता कुणाला द्यायची नाही. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. माझ्या गळ्यात शिट्टी लोंबत होती आणि मला ती ओढून कड्याखाली फेकायची होती, पण फेकली असती तर तिचा आवाजही आला नसता, हे मला नुकतंच शिकवलं गेलं होतं.

मग तुझा आवाज आला. "घावल्या बाई. हात धरलाय. तिकडंच ऱ्हावा समदी."

दोन हात पुढं गवत संपत होतं, हे तू मला पुष्कळ नंतर सांगितलंस.

यापुढचं लिहायची खरी लाज वाटते, म्हणून भरभर लिहितो. बस सुटायच्या वेळी लिमयेबाई सगळ्यांना म्हणाल्या, की यांच्या शिट्टीमुळं मला दिशा कळली, नाहीतर मी भलतीकडंच गेले असते. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी ड्रायव्हरच्या मागं माइक धरून उभा होतो. तू दारात होतीस, कुणाची तरी विसरलेली छत्री घेऊन. आपली नजरानजर झाली. मी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "आमचं कामच आहे ते."

लिमयेकाकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण बायको कशावरून चालत येणार होती हे तिला ते जन्मात सांगणार नव्हते. त्यांच्या गप्प बसण्यामागं प्रेम होतं. माझ्या गप्प बसण्याला त्यांची आयती सावली मिळाली.

तू छत्री दिलीस आणि एवढंच म्हणालीस, "पुढल्या खेपेला गणपती माघारी जाताना करा."

पुढल्या खेपेला मी तसंच केलं. अंगणात उतरलो तर तू हात पुढं केलास. मला वाटलं, काही मागतेस. तू माझ्या गळ्याकडं बोट दाखवलंस. मी शिट्टी काढून दिली, तू ती कनवटीला लावलीस आणि संध्याकाळी बस सुटताना परत दिलीस. मग दर रविवारचा तो रिवाजच झाला. त्याच सुमाराला कधीतरी आपलं 'तुम्ही' सुटलं. मी पुण्याच्या सवयीनं 'अहो चिमाबाई' म्हणायचो, तर एकदा तू वैतागून म्हणालीस, "आहो काय म्हनतु? म्या काय तुजा नवरा हाय?" साऱ्या ओसरीपुढं माझं थोबाड बघण्यासारखं झालं असणार.

पण माणसं विचारायची, शिट्टी का काढून देता? खरं सांगितलं तर माझी गोष्ट उघडी पडणार. मी सांगून टाकलं, की इथं देवराई आहे, देवाच्या रानात शिट्टी चालत नाही, जुना नियम आहे. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, हा तुमचा खरा नियम. त्याच्या शेजारी मी माझा खोटा बसवून दिला आणि तो चांगला शोभला. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्याच कुणाची तरी बस आली आणि त्यांचा वाटाड्या माझ्यादेखत माणसांना तोच नियम सांगत होता, वर त्यानं दोन पिढ्यांची एक दंतकथाही जोडली होती. मला हसू आवरेना. मी धावत येऊन तुला सांगितलं.

तू चिडलीस. मी तुला तेवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माजं नाव खाल्लंस ते खाल्लंस," तू म्हणालीस. "त्ये देवाच्या नावावर कशापायी?"

मी वाद घातला. लोक देवाचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. नियमाचं कारण खोटं असलं तरी कड्यावर शिट्टी वाजत नाही ना, मग झालं. तू म्हणालीस, मग एकदा खरं सांगून बघ, ऐकतात का ते. आणि म्हणालीस, कारण ठाऊक नसलं की माणूस नियम मोडतो. आज ना उद्या कुणीतरी देवाला न मानणारा येईल, खुशाल वाजवील, आणि पलीकडून कुणीतरी सरळ चालत येईल.

मी विषय बदलला. आपला हा वाद पाच-सहा वर्षं चालला आणि दर वेळी मी असाच, चहाचं काहीतरी काढून, सुटलो.

एकदाच तू स्वतःहून काही सांगितलंस. बसवाल्यांची जेवणं व्हायची होती, तू अंगणात वाळत घातलेला हिरडा निवडत होतीस. मी सहज विचारलं, की त्या दिवशी शिट्टी ऐकल्याबरोबर तुला कळलं कसं? तू हिरडा निवडत राहिलीस. मग म्हणालीस, लग्न होऊन आलीस त्या वर्षी माहेरहून म्हैस आणली होतीस. गाभण. धुईत दिसेना म्हणून त्या नाकाडावर उभं राहून तू तिला नावानं हाक मारलीस.

"म्या हाक मारली," तू म्हणालीस, "आन् ती आली."

बास. त्यानंतर पठारावर तू कधी कुणाला हाक मारली नाहीस, ना जनावराला ना माणसाला. मी तुला तिचं नावही विचारलं नाही. मला आतून कुणीतरी जेवायला बोलावलं आणि मी उठलो. चिमाबाई, मी उठायला नको होतं.

गेल्या पावसाळ्याअखेर आलो तेव्हा तू खोकत होतीस. जाताना मी म्हणालो, पुढल्या खेपेला सगळ्यांपुढं खरं सांगतो, तुझ्यासमोर. तू "बरं" म्हणालीस. विश्वास नसला की माणूस जसं म्हणतं तसं. मग कमलचा फोन आला. तुमच्याकडं अजून फोन लागत नाही, तेव्हा तुझी लेक फोन करायला धरणापर्यंत उतरली असणार. "आई गेली," म्हणाली आणि फोन तुटला.

दहाव्याला नदीवर आलो. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते. मी मनात तयारी करून आलो होतो. वाटलं, तुझा जीव त्या वचनात अडकला असणार, कावळा अडून बसेल, मग मी पुढं होऊन पाण्यात उभा राहून सांगेन, की चिमाबाई, आज सगळ्यांपुढं खरं बोलतो. पण भटजींचे हात पुरते मागं यायच्या आत कावळा आला, शिवला आणि उडून गेला. माझ्यावाचून तुझं काहीही अडलं नव्हतं.

तरी मी बोललो. आपल्याकडं दहाव्याला चार माणसं उठून चार शब्द बोलतात. सरपंच बोलले, सोसायटीचे कुणी बोलले, मग म्हणाले, पुण्याचे पावणं बोलतील. मी उठलो आणि पहिल्यांदा, काहीही न लपवता, सगळं सांगितलं. ओझरची तालीम सांगितली, माझं जाड बोट सांगितलं, शिट्टी सांगितली, तू ती कशी हिसकावलीस ते सांगितलं. ओल्या गवतावर माणसं हसली. एकोणिसाच्या पाढ्याला सगळा घाट चिडीचूप झाला. बसमध्ये टाळ्या मी खाल्ल्या हेही सांगितलं, देवराईचा नियम मी रचला हेही सांगितलं, आणि दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं, कारण तेही तो नियम खरा धरून बसले होते. मी खाली बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. वाटलं, फिटलं. वर्षानुवर्षांचं एकदाचं फिटलं. खरं सांगतो, जरा बरंही वाटलं, की गोष्ट रंगली.

पंगत बसली. कमल वाढायला आली. तिचे डोळे सुजले होते. तिनं माझ्या पत्रावळीवर भात वाढला, वरण वाढलं, आणि पुढच्या माणसाकडं न जाता तिथंच वाकून उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "लई ग्वाड सांगितलंत. पन ती तुमची गोस्ट झाली. त्यात आई कुटं व्हती?"